एकच बी.कॉम., दोन फी

बारावीचा निकाल लागला की कळंबोलीत आमच्या घराची बेल जरा जास्तच वाजते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, वरच्या दोन वर्गांना उर्दूही. दहावी झाली की मुली आमच्या हातातून सुटतात, पण कॉलेजचा फॉर्म भरायची वेळ आली की त्यांना पुन्हा टीचर आठवते. मग अम्मी किंवा अब्बाला घेऊन येतात. मी चहा ठेवते, चष्मा लावते आणि आम्ही माहितीपत्रकं पसरून बसतो.

मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका मुलीचा किस्सा सांगते. तिचे वडील लोखंड बाजारातून ट्रेलर चालवतात. मूळ गाव बीड जिल्ह्यात, पण वीस वर्षं इथेच. मुलीला बारावी कॉमर्सला 61 टक्के. खानदानातली बारावी झालेली पहिलीच मुलगी. तिला बी.कॉम. करायचं होतं आणि कॉलेज घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर हवं होतं, कारण त्यापुढे आजी जाऊ देणार नव्हती. माहितीपत्रकात बी.कॉम.च्या दोन ओळी होत्या. एक अनुदानित तुकडी, फी सात हजारांच्या आत. दुसरी विनाअनुदानित तुकडी, फी अठरा हजारांवर. पहिल्या यादीत अनुदानित तुकडी 78 टक्क्यांना बंद झाली होती.

वडिलांनी बोट ठेवून दोन्ही ओळी बघितल्या. "बाजी, यात विषय वेगळे आहेत का?"

"नाही भाई, तेच."

"परीक्षा?"

"तीच. पेपर पण तोच."

"म्हणजे ज्याला मार्क जास्त त्याला फी कमी, आणि आमच्या पोरीला जास्त?"

मी त्यांना अनुदान म्हणजे काय ते समजवायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. शिक्षक म्हणून मला ते तोंडपाठ आहे, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

78 टक्के कुणाला पडतात ते आपल्याला माहीत आहे. काही मुलं जात्याच हुशार असतात, काही पोटाला चिमटा घेऊन क्लास लावतात, पण बहुतेक जण ते असतात ज्यांच्या घरात अभ्यासाला खोली आहे, आई-बाप शिकलेले आहेत आणि दोन क्लासची फी भरलेली आहे. सरकारचा पैसा अनुदानित जागेवर लागतो आणि अनुदानित जागा मार्कांवर मिळते. म्हणजे ज्यांना मदतीची गरज कमी, त्यांची पदवी स्वस्त. ज्यांना जास्त, त्यांची महाग. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही. पण पन्नास वर्षं हिशेब न लावता पैसा वाहू दिला तर तो उताराकडेच जातो.

हा उतार कसा तयार झाला ते थोडं सांगते. आपल्या राज्यात विद्यापीठांना आणि कॉलेजांना मिळणारं अनुदान मुख्यतः पगाराचं असतं. मंजूर पद असेल तर पगार येतो. पद किती? तर ज्या काळात ते विभाग, ती कॉलेजं, त्या तुकड्या मंजूर झाल्या त्या काळाप्रमाणे. मुंबई विद्यापीठ 1857 चं, नागपूर 1923 चं, मराठवाड्याचं 1958 चं. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ 2011 चं. 2001 पासून राज्यात नव्या कॉलेजांना "कायम विनाअनुदानित" या तत्त्वावरच परवानगी मिळू लागली. शाळांच्या बाबतीत हा "कायम" शब्द 2009 मध्ये काढला गेला आणि पुढे वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांनी अनुदान यायला लागलं. त्या टप्प्यांसाठी आझाद मैदानात बसलेले शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कॉलेजांच्या नशिबी तेही फारसं आलं नाही.

आता तारखांकडे बघा. पदवीपर्यंत पोचलेली पहिली पिढी कुणाकडे कधी आली? मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांत ती आजोबांच्या काळात आली. आगरी-कोळी पाड्यांत, गोवंडी-मुंब्र्यात, भिवंडीच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत, आमच्या कळंबोली-तळोज्यात ती आत्ता, गेल्या वीस वर्षांत आली. म्हणजे आमची मुलं कॉलेजच्या दारात आली आणि नेमकं त्याच सुमाराला सरकारने अनुदानाची चावी बंद केली. तुकड्या वाढल्या, कॉलेजं वाढली, पण विद्यार्थ्याच्या बापाच्या खिशावर. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी आहेत, सगळ्या लोकसंख्येत ते प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. 2020-21 च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुसलमान 4.6 टक्के निघाले, आणि लोकसंख्येत आपण चौदा टक्के. त्या वर्षी तर आपली संख्या आदल्या वर्षीच्या 21 लाखांवरून 19 लाखांवर घसरली होती. कोविडचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा 21 लाखांवर गेली, पण पहिल्या झटक्याला कोण गळतं ते दिसलं.

माझं स्वतःचं बी.एड. विनाअनुदानित कॉलेजातून झालं. आम्ही रायगडचे कोकणी मुसलमान, त्यामुळे आमच्याकडे कुवेतला एक मामू असतोच. माझी फी मामूंनी पाठवली. ज्या घरात असा मामू नव्हता, त्या घरातली माझी मैत्रीण डी.एड.लाही गेली नाही. आज ती मुरुडला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि मला विचाराल तर माझ्यापेक्षा चांगलं शिकवते.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्त्या आहेत ना! आहेत. मी दर वर्षी महाडीबीटीवर मुलींचे फॉर्म भरते, त्यामुळे मला त्यांची चांगलीच ओळख आहे. जुलै 2024 च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. चांगलाच निर्णय आहे. पण आमच्या मुलीचा बी.कॉम. व्यावसायिक नाही. मग ओबीसीची दुसरी सवलत बघावी, तर जातीचा दाखला हवा. कुटुंब बागवान आहे, बागवान ओबीसीत आहेत, पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं. 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. त्या काळी त्यांच्या गावात ज्याने रजिस्टर लिहिलं त्या गुरुजींना काय माहीत की साठ वर्षांनी पणतीची फी या एका शब्दावर अडणार आहे!

माझा मुद्दा हाच आहे. शिष्यवृत्तीत गरीब असल्याचा पुरावा एकेका मुलाने, एकेका कागदाने, दर वर्षी नव्याने द्यायचा. आणि अनुदान मात्र संस्थेला आपोआप, जुन्या हक्काने. जे उलटं असायला हवं होतं. जिथे गरज असलेली मुलं जास्त आहेत त्या विद्यापीठाला, त्या कॉलेजला पैसा जास्त जावा आणि तिथली जागाच स्वस्त असावी, हा साधा विचार आहे. तो कायद्यात लिहिला गेला पाहिजे. शासन निर्णयात नाही, बजेटच्या भाषणात नाही. कायद्यात.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि 1994 चा जुना कायदा गेला. त्याच्या आधी काकोडकर, निगवेकर आणि ताकवले अशा तीन तीन समित्या बसल्या होत्या. मी तो कायदा मराठीत वाचला आहे. सुट्टीत, आंबे चिरता चिरता. कुलगुरूंची निवड कशी करायची, अधिसभेवर कोण, व्यवस्थापन परिषदेवर कोण, प्राधिकरणांच्या बैठका कशा घ्यायच्या, सगळं बारीक लिहिलं आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षण व विकास आयोगही त्यात आहे. कॉलेजं कुठे उघडायची याचा बृहत आराखडा करायची पद्धतही आहे. पण सरकारने कोणत्या विद्यापीठाला किती पैसे द्यायचे आणि ते कशावरून ठरवायचं, याचं सूत्र त्यात नाही. सरकारी पगाराचं एकही नवं पद शासनाच्या मंजुरीशिवाय निर्माण होत नाही, आणि ती मंजुरी किती दिवसांत द्यायची याचं बंधन शासनावर नाही. मे 2020 मध्ये कोविडचं कारण देऊन वित्त विभागाने एका आदेशाने नवी भरतीच थांबवली होती. ज्याच्याकडे आधीच माणसं होती त्याचं भागलं. ज्याची पदं भरायचीच राहिली होती तो तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर अवलंबून राहिला. एम.ए., नेट, पीएच.डी. झालेली माणसं तासाच्या हिशेबाने पैसे घेतात आणि सुट्टीत काहीच घेत नाहीत.

डिसेंबर 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत की नाही, कुलगुरू राज्यपालांनी नेमायचे की सरकारने. सरकार बदललं आणि ते विधेयक मागे पडलं. खुर्चीवर कोण बसणार यावर विधानसभेत रात्री जागल्या, तिजोरीवर मात्र कुणी बोललं नाही. मला दोन्ही बाजूंचा सारखाच राग आला होता.

आता कुणी म्हणेल की सूत्राने पैसा वाटणं हे पुस्तकी आहे, राजकारणात चालत नाही. महाराष्ट्राने तरी असं म्हणू नये. "अनुशेष" हा शब्द आपल्या राजकारणाने जन्माला घातला. 1983 मध्ये दांडेकर समिती बसली, तिने विदर्भ, मराठवाडा, कोकण कुठे किती मागे आहे ते मोजलं. राज्यघटनेचं कलम 371(2) सांगतं की विकास खर्चाचा निधी भागाभागांत न्याय्य वाटला जाईल आणि तंत्रशिक्षणाच्या सोयी सगळीकडे पुरेशा होतील, ही राज्यपालांची खास जबाबदारी. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. सिंचनाचा पैसा कुठे किती द्यायचा याचे आकडेवार निर्देश राज्यपालांनी दिले होते. आदिवासी उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढायचा, हे सुकथनकर समितीनंतर 1993 पासून चालत आलं आहे. म्हणजे पाटाच्या पाण्याला सूत्र आहे, आदिवासी विकासाला सूत्र आहे, फक्त विद्यापीठाच्या अनुदानाला नाही.

शेजारी आणखी पुढे गेले. आंध्र प्रदेशने आणि कर्नाटकने 2013 मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवायचा कायदाच केला. कर्नाटकच्या कायद्यात 7(ड) नावाची एक पळवाट राहिली होती. सगळ्यांसाठीच्या कामावरचा खर्चसुद्धा त्यात दाखवता यायचा. लोकांनी दहा वर्षं आरडाओरडा केला आणि 2023 मध्ये ते कलम काढावं लागलं. कायदा असला की भांडायला जागा मिळते, ती अशी. याच कर्नाटकची दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. तिथे आधीच्या सरकारने जिल्ह्या-जिल्ह्याला नवी विद्यापीठं जाहीर केली, आणि 2025 मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने त्यातली नऊ बंद करायची शिफारस केली, कारण पैसाच दिलेला नव्हता. पाटी लावायला कायदा लागला, पण पाटीमागच्या पैशासाठी कायद्यात ओळ नव्हती.

बाहेरच्या देशांत हे नवं नाही. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदानंतर विद्यापीठांच्या अनुदानाची पद्धत बदलली तेव्हा वंचित समाजातले विद्यार्थी जास्त असलेल्या विद्यापीठांना वेगळी भर दिली. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये शाळांच्या निधीचा कायदा केला. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम. मूल गरीब घरातलं असेल किंवा त्याची घरची भाषा इंग्रजी नसेल तर त्यावर वीस टक्के. अशी मुलं एखाद्या ठिकाणी निम्म्याहून बरीच जास्त असतील तर आणखी भर. हे वाचलं तेव्हा मी माझ्या दहावीच्या वर्गाचा विचार केला. माझ्या मुली घरी दखनी किंवा भोजपुरी बोलतात, शाळेत उर्दूत शिकतात, परीक्षेत मराठीचा पेपर लिहितात आणि कॉलेजात गेल्या की पहिल्या दिवशी इंग्रजीत "अकाउंटन्सी". या चार भाषांचं ओझं त्या एकट्या उचलतात. त्यासाठी कॉलेजला कुणी एक जादा शिक्षक देत नाही.

हा पैसा देताना जातीचा दाखला मागायचीही गरज नाही. मुलगी कोणत्या शाळेतून आली, जिल्हा परिषदेच्या की पालिकेच्या, घरात पदवीधर कुणी आहे का, तालुका कोणता, एवढ्यावर हिशेब लागू शकतो. तमिळनाडूने 2010 मध्ये घरातल्या पहिल्या पदवीधराला फीची सवलत दिली, तिथेही कसोटी हीच होती.

विद्यापीठ कायद्यात अनुदानाचं एक स्वतंत्र प्रकरण असावं. विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम आणि वर सांगितलेल्या कारणांनी मिळणारी भर त्यात लिहावी. पद मंजुरीला मुदत घालावी, मुदतीत उत्तर आलं नाही तर पद मंजूर समजावं. आणि कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या कॉलेजला विद्यार्थ्यामागे किती सरकारी पैसा गेला याचा तक्ता दर वर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. मला यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात वेतन, इमारत, परीक्षा, वीज सगळं दिसतं, फक्त ते ज्यांच्यासाठी आहे ती मुलं कोण, ते दिसत नाही.

याला एक विरोध होतो तो खरा आहे. म्हणतात, मुंबईचं काढून गडचिरोलीला द्याल तर मुंबईतल्या गरिबांचं काय? आम्ही कळंबोलीकर तर दोन्हीकडून मरतो. पत्ता नवी मुंबईचा, जिल्हा रायगड, विद्यापीठ मुंबईचं. हे एकच विद्यापीठ कुलाब्यापासून सिंधुदुर्गाच्या टोकापर्यंत सात जिल्हे सांभाळतं. म्हणूनच मी "विद्यापीठामागे" म्हणत नाही, "विद्यार्थ्यामागे" म्हणते. विद्यापीठामागे पैसा दिला तर मुंबई श्रीमंत दिसते. विद्यार्थ्यामागे दिला तर त्याच मुंबई विद्यापीठातलं मुंब्र्याचं, म्हसळ्याचं, जव्हारचं कॉलेज वेगळं दिसतं. आणि जे आज मिळतंय ते कुणाचं काढू नये. दर वर्षी जी वाढ होते तेवढी तरी सूत्राने वाटा. दहा वर्षांत फरक दिसेल.

हे नवं मागणं आहे असंही नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगासमोर हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचे अध्यक्ष स्वतः झाले आणि वसतिगृह उभं राहिलं. राजाच्या मनात आलं म्हणून ते झालं, हे त्या मुलांचं नशीब.

आपल्या वाचकांना समजेल अशा शब्दांत सांगायचं तर खैरात आणि जकात यातला फरक आहे हा. खैरात देणाऱ्याच्या मनावर असते. जकातीचा वाटा ठरलेला, अडीच टक्के. कुणाला द्यायची ते आठ हक्कदार ठरलेले. देणारा उपकार करत नाही आणि घेणारा मान खाली घालत नाही. आज विद्यापीठांचं अनुदान खैरातीसारखं चालतं. आणि गंमत बघा, सरकारची खैरात पोचत नाही म्हणून दर रमजानला आमच्या वस्तीतली जकात कॉलेजच्या फीमध्ये जाते. मी स्वतः यादी करते. यंदा त्या यादीत विधवा कमी आणि फर्स्ट इयरच्या मुली जास्त होत्या. जकातीच्या पैशाने पोरी शिकाव्यात याचा मला आनंदच आहे, पण सरकारी परीक्षेच्या सरकारमान्य पदवीची फी विधवेच्या वाट्यातून जावी, हे मला पटत नाही.

विधान परिषदेच्या 78 जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. माझं नाव कोकणच्या दोन्ही याद्यांत आहे. जानेवारी 2023 मध्ये शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली, जून 2024 मध्ये पदवीधरांची. दोन्ही वेळा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये उमेदवारांची माणसं आली, पत्रकं वाटली. जुनी पेन्शन होती, वेतनश्रेणी होती, सगळं रास्त होतं. अनुदानाच्या सूत्राबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. पुढच्या वेळी मी विचारणार आहे. पत्रक घेऊन येणाऱ्याच्या हातात हाच लेख देईन. आपल्यापैकी ज्यांनी पदवीधर म्हणून नाव नोंदवलं नसेल त्यांनी नोंदवा. दर निवडणुकीआधी यादी नव्याने होते, जुनं नाव पुढे येत नाही. आपल्या मोहल्ल्यांत पदवीधर आधीच कमी, त्यातले निम्मे यादीत नसतात.

त्या मुलीने शेवटी विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेतला. पहिला हप्ता वडिलांनी मालकाकडून उचल घेऊन भरला, दुसरा जमातीच्या यादीतून गेला. पहिल्या सेमिस्टरला तिला अकाउंटन्सीत 71 मार्क पडले. अनुदानित तुकडीतल्या कितीतरी मुलींहून जास्त, असं तिने मला फोन करून सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "टीचर, आता दुसऱ्या वर्षाला त्या तुकडीत घेतील का?" मी कॉलेजात चौकशी केली. तशी पद्धत नाही म्हणाले.